अठरा वर्षं ओलांडलेल्या दिव्यांगांचे दात: सरकारी दवाखान्यात नेमकं कोणाकडे जायचं?

मृणाल_वाई
नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट सांगितलं तर नेमका अडलेला भागच राहून जाईल.

माझा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम. बोलतो थोडं, पण समजतं त्याला बरंच. आई-बाबा सत्तरीला टेकलेत, त्यामुळे त्याच्या दवाखान्याचं सगळं आता माझ्याकडे आहे. पावसाळ्यापासून त्याचं जेवण कमी झालं. भाकरी बाजूला सारायचा, नुसता आमटीभात खायचा. रात्री उठून बसायचा आणि उजव्या गालावर थापट्या मारायचा. चिडचिड वाढली म्हणून आधी गोळीचा डोस वाढवून मिळाला. शेवटी तो जातो त्या दिव्यांगांच्या कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या, तोंडाला वास येतोय, दात बघून घ्या. टॉर्च मारून बघितलं तर खालची दाढ मुळापर्यंत किडलेली आणि शेजारची हिरडी सुजलेली.

जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टर बोलायला चांगले होते, पण खुर्ची मागे झुकायला लागली तसा हा उठून दाराकडे पळाला. त्यांनी सांगितलं, भूल देऊनच करावं लागेल, इथे ती सोय नाही, मोठ्या ठिकाणी न्या. मोठ्या ठिकाणी केसपेपर काढला, तर बालदंत विभागात पाठवलं, कारण असे पेशंट ते बघतात. तिथे वय विचारलं आणि अठराच्या वर आहे म्हणून मुख शल्यचिकित्सा विभागात धाडलं. ते म्हणाले, दाढ आम्ही काढू, बाकीचे दात भरायचं काम आमचं नाही. भरणाऱ्या विभागाचं म्हणणं, पेशंट खुर्चीत बसतच नसेल तर आम्ही हात कसा लावणार? भुलेच्या यादीत नाव घातलंय, फोन करू म्हणाले. फोन आलेला नाही. खाजगीत चौकशी केली तर भूल, भूलतज्ज्ञ आणि सगळ्या दातांचं काम मिळून जो आकडा सांगितला तो बाबांच्या पेन्शनमध्ये बसणारा नाही.

एका ठिकाणी असंही ऐकलं की सगळेच दात काढून टाकू, पुन्हा कटकट नको. एकतीस वर्षांच्या माणसाचे सगळे दात! त्याच्या जागी दुसरा कोणी एकतीस वर्षांचा माणूस असता तर हे वाक्य तोंडातून निघालं असतं का?

सध्या दाढेला अँटिबायोटिकने उतार आहे. मला विचारायचंय ते असं: सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात प्रौढ दिव्यांगांना सरकारी किंवा परवडणारी दंतसेवा कुठे मिळते? भुलेशिवाय काही करता येतं का? आणि हा विभागाविभागांतला चेंडू थांबवायला कायद्याचा काही आधार आहे का?

दंतमित्र
मृणालताई, मी सरकारी दंत महाविद्यालयात बालदंत विभागात होतो, आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुम्हाला जे झालं ते कोणा एका डॉक्टरच्या स्वभावामुळे झालेलं नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शाखांमध्ये प्रौढ दिव्यांगांसाठी वेगळी शाखा नाही. दिव्यांग मुलांना कसं हाताळायचं हे बालदंतवाले शिकतात, म्हणून लहानपणी ती मुलं आमच्याकडे येतात. अठराव्या वाढदिवसानंतर आजार तोच, भीती तीच, फक्त विभाग बदलतो. नव्या विभागात हे शिकलेलं कोणी असेलच असं नाही.

दुसरी अडचण भुलेची. दंत रुग्णालयाला स्वतःचं ऑपरेशन थिएटर आणि पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसेल तर शेजारच्या मोठ्या रुग्णालयाच्या थिएटरमधला एखादा वार मागून घ्यावा लागतो. तिथे अपघात, सिझर, पोटाचं ऑपरेशन आलं की दातांची केस मागे सरकते. दाताने माणूस मरत नाही, असा हिशेब असतो. यादी लांबते ती यामुळे. म्हणून भुलेची गरज नेमकी कशाला आहे आणि कशाला नाही, हे आधी वेगळं करून घ्या.

सुजलेली दाढ काढावीच लागेल, किंवा रूट कॅनल. त्याला बहुधा भूल लागेल. पण बाकीचे दात वरवर किडलेले असतील तर ड्रिल न लावता पुष्कळ करता येतं. हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर (दात भरायचं एक सिमेंट) भरायचं, मशिनचा आवाज नाही, पाण्याचा फवारा नाही. ही पद्धत वीज नसलेल्या खेड्यांसाठी निघाली, पण आवाजाला घाबरणाऱ्या माणसाला ती वरदान आहे. दुसरं, सिल्व्हर डायमिन फ्लोराइड. ३८ टक्के द्रावणाचा थेंब बारीक ब्रशने किडीवर लावायचा, मिनिटाभराचं काम. कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तोटा एकच, कीड कायमची काळी पडते. मागच्या दाढांना त्याने काय फरक पडतो? पुढच्या दातांचं घरच्यांनी आणि शक्य तिथे पेशंटने ठरवावं. मात्र सूज, पू किंवा रात्रीची ठणक असेल तर हे औषध लावून भागत नाही.

भूल द्यायची ठरलीच तर भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी स्वतःहून सांगा. डाउन सिंड्रोममध्ये जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर कागद बरोबर ठेवा. काही हृदयदोषांत दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावंच लागतं. आणि मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, भूल देताना मान मागे वाकवतात, म्हणून मानेचं आठवणीने सांगायचं. त्याच भुलेत दात साफ करणं, भरणं, काढणं सगळं एकदम उरकायचा आग्रह धरा. सुई टोचू न देणारा पेशंट असेल तर तपासणीचं रक्तही तेव्हाच काढून घेता येतं.

सगळे दात काढण्याला मात्र ठाम नाही म्हणा. कवळी बसवून घेणं, ती सांभाळणं, तिच्यासकट जेवणं त्याला जमेलच असं नाही. मग आयुष्यभर मऊ भात.

एक इशारा. सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेनासं झालं, ताप आला, गिळताना त्रास व्हायला लागला तर दंत ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी अपघात विभागात न्या.

ओवीची_आई
मृणाल, तुझ्या भावाच्या गालावरच्या थापट्या वाचून गलबलून आलं. माझी लेक नऊ वर्षांची आहे, ऑटिझम. दुखतंय हे ती सांगत नाही, वागण्यातून दाखवते. एका बाजूने चावणं, आवडीचा पदार्थ नको म्हणणं, उशीत तोंड खुपसणं, हात चावणं. असं काही अचानक सुरू झालं की आता मी आधी तोंड, कान आणि पोट तपासून घेते. वागणुकीची गोळी त्यानंतर.

आम्हाला खुर्चीचा प्रश्न एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सोडवून दिला. त्यांनी खुर्ची आधीच पूर्ण आडवी करून ठेवली आणि मग ओवीला तिच्यावर चढून झोपायला सांगितलं. खुर्ची हलतेय ही भीतीच गेली. डोळ्यांवर गॉगल, कारण तो वरचा दिवा तिला सोसत नाही. पहिल्या भेटीत फक्त आरसा दाखवला, तिच्या हातात दिला, तिने बाईंचे दात बघितले. पुढच्या भेटीत दात मोजले. मोजायचे आकडे दर वेळी तेच आणि त्याच लयीत, म्हणजे कधी संपणार हे तिला कळतं. वेळ सकाळची पहिली, ओपीडी भरायच्या आधीची. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, फक्त त्या बाईंनी मनावर घेतलं.

पेपरमिंटची पेस्ट तिला तिखट लागते, म्हणून बिनचवीची फ्लोराइड पेस्ट वापरतो. भावालाही चवीचा त्रास आहे का बघ.

गुरुजी_मंगळवेढा
विशेष शाळेत शिकवतो. अठराच्या आतल्या मुलांच्या पालकांसाठी एक माहिती, कारण ही सोय असूनही अनेकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात, त्यात दातही येतात. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं आणि त्या केंद्राच्या मंजूर मनुष्यबळात दंतचिकित्सकही आहे. मुलाला तिथे पाठवायची चिठ्ठी पथकाकडून मागून घ्या. पण हा कार्यक्रमही अठरालाच थांबतो, मृणालताईंचा प्रश्न तिथे सुटत नाही.

आता शिबिरांबद्दल, मनापासून. शाळेत दंत शिबिरं होतात. मुलं रांगेत, टॉर्च, कार्डावर खुणा, प्रत्येकाला ब्रश आणि पेस्ट, फोटो. पुढे काय? ज्यांच्या कार्डावर ‘उपचार आवश्यक’ लिहिलं त्या मुलांना नेणार कोण? आई शेतात मजुरीला, बाप ऊसतोडीला. व्हीलचेअरवरचं पोर एसटीत चढवून जिल्ह्याच्या गावी न्यायचं तर दोन माणसांचा रोज बुडतो. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, बुडालेल्या रोजाला नाही. शिबिराला येणाऱ्यांनी उपचाराची तारीख आणि गाडी बरोबर घेऊन यावं. फिरत्या दंत व्हॅन महाविद्यालयांकडे असतात, त्यांत खुर्चीही असते. ती व्हॅन शाळेच्या पटांगणात चार दिवस लागोपाठ उभी राहिली तर अर्ध्या मुलांचं काम तिथेच होईल. दंतमित्रांनी सांगितलेलं बिनड्रिलचं भरण व्हॅनमध्ये होतं ना?

दंतमित्र
गुरुजी, होतं. चांगलं होतं.

सदाशिव_ना
कायद्याचं मी सांगतो, निवृत्तीपर्यंत हेच काम केलंय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २५ वाचा. सरकारने घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्यायची (याला सरकार ठरवील ती उत्पन्नमर्यादा लागू), रुग्णालयाच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश द्यायचा, आणि तपासणी व उपचारात प्राधान्य द्यायचं. त्यात दात वगळलेले नाहीत. केसपेपरच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवून प्राधान्य मागणं हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

ऐकलं नाही तर कलम २३ आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि आलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समिती. त्याच्याही वर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तोंडी भांडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

पैशाचं: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. सरकारी दंत महाविद्यालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, त्यांचं दरपत्रक वेगळं, तरी खाजगीच्या मानाने किरकोळ. फुले जन आरोग्य योजनेत दात भरणं, रूट कॅनल हे येत नाही, त्यावर विसंबू नका. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. बाह्यरुग्ण खर्चात दातांच्या प्रतिबंधक उपचारांनाही त्यात जागा आहे. मृणालताईंच्या भावाचं निरामय कार्ड आहे का?

मृणाल_वाई
कार्ड आहे, नूतनीकरण राहिलंय, या आठवड्यात करते. काका, अजून एक. भुलेच्या संमतीपत्रावर सही कोणाची, यावरूनही अडवलं होतं. तो सज्ञान आहे, म्हणून बाबांची सही चालणार नाही म्हणाले.

सदाशिव_ना
हा प्रश्न अठरानंतर सगळ्यांना येतो. बौद्धिक दिव्यांगत्वात मूल सज्ञान झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. अर्ज करून ठेवाच, आणि बाबांच्या वयाचा विचार करून तुमचं नावही त्यात कसं येईल ते समितीला विचारा. पण जीवावर बेतलेलं असेल तेव्हा प्रमाणपत्रासाठी उपचार थांबवणं चूक आहे, हे रुग्णालयाला ठणकावून सांगा. आणि भावालाही विचारा, बरं का. त्याला समजतं असं तुम्हीच लिहिलंय. दाढ काढायची आहे, झोपेचं औषध देतील, उठल्यावर आम्ही शेजारी असू, हे त्याला सांगायलाच हवं.

फॅक्टर_आठ
हिमोफिलियाही (रक्त नीट न गोठण्याचा आजार) २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत आहे, म्हणून लिहितो. आम्हाला चालता येतं, बोलता येतं, त्यामुळे कार्ड दाखवलं तरी लोक विश्वास ठेवत नाहीत. दात काढायचा म्हटलं की दंतवैद्य घाबरतात आणि परत पाठवतात. त्यांची भीती खरी आहे: फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) न देता खालच्या जबड्यात खोलवर बधिरीकरणाची सुई दिली तरी घशाकडे रक्त साकळून श्वास अडू शकतो. पण आधी फॅक्टर दिलं, रक्तविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलले, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं, तर काम व्यवस्थित होतं. सरकारी डे केअर केंद्रात फॅक्टर मोफत मिळतं. दंत विभाग दुसऱ्या इमारतीत आणि दोघांत फोनही होत नाही, तिथे आमचं घोडं अडतं. दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन मात्र कोणीही घेऊ नका.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलवाल्यांनीही दातातला जंतुसंसर्ग अंगावर काढू नये. संसर्गाने क्रायसिस, म्हणजे अचानक तीव्र वेदनांचा झटका, येऊ शकतो.

मालवणी_माणूस
आमच्या सिंधुदुर्गातून लोक बांबोळीला जातात, गोवा दंत महाविद्यालयात. सावंतवाडीहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण दुसऱ्या राज्यात जावं लागतं हेच मुळात बरोबर नाही. राज्याची जुनी सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राने कुठे जायचं?

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये दंत परिचारिका आहे. इथे २००८ पासून दिव्यांगांच्या दंतोपचारांची वेगळी मान्यताप्राप्त विशेष शाखा आहे, आणि ज्यांना नेहमीच्या दवाखान्यात उपचार घेता येत नाहीत त्यांच्यासाठी सार्वजनिक समुदाय दंतसेवा. मूल मोठं झालं तरी बहुधा त्याच सेवेत राहतं, वयाने हाकललं जात नाही. भुलेसाठी रांग इथेही आहे आणि लांब आहे, ते लपवत नाही. पण रांग कोणाची जबाबदारी आहे हे ठरलेलं असतं. मृणालताईंच्या गोष्टीत मला तेच कुठे दिसलं नाही.

रमाकांत_क
थोडं वेगळं मत. सरकारी ओपीडीत एका डॉक्टरपुढे केवढी रांग असते ते बघा. एका पेशंटला तास दिला तर बाहेर गावाहून आलेले ओरडतात. डॉक्टरांना दोष देऊन काय होणार?

दंतमित्र
रमाकांतराव, रांग मीही काढली आहे, म्हणून म्हणतो, गर्दीच्या ओपीडीत हे पेशंट बसवणंच चूक आहे. आठवड्यातली एक दुपार राखून ठेवा. त्या दुपारी केसपेपरची रांग नाही, एकच खोली, एकच दंतवैद्य, तीच परिचारिका. बालदंत, शल्यचिकित्सा आणि भरण या तिन्ही विभागांचा एकेक माणूस तिथे येईल, पेशंट तीन मजले फिरणार नाही. यातले निम्मे भुलेशिवाय होतील आणि भुलेची यादी आपोआप आखूड होईल. नवी इमारत लागत नाही. अधिष्ठात्यांचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा एक लेखी आदेश पुरतो.

ओवीची_आई
दंतमित्र, घरी दात घासण्याचंही सांगा ना. उपचार होईपर्यंत तेच हातात आहे.

दंतमित्र
समोर उभं राहून घासू नका. तो बसलेला, तुम्ही त्याच्या मागे उभ्या, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकलेलं. डाव्या हाताने ओठ आणि गाल बाजूला, उजव्या हातात ब्रश. बाथरूममध्येच घासायला हवं असं नाही, पलंगावर, टीव्हीपुढे कुठेही चालतं. तो स्वतः घासत असेल तर घासू द्या, नंतर तुम्ही फिरवा. मूठ नीट वळत नसेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबरी कव्हर चढवा. चूळ भरता येत नसेल तर मोठ्या माणसालाही वाटाण्याएवढीच पेस्ट, जास्तीची ओल्या फडक्याने पुसायची. रात्रीचं घासणं चुकवू नका. गोड सिरप झोपताना देत असाल तर त्यानंतर घासा, किंवा गोळी चालेल का विचारा. फिट्सना इप्टॉइन चालू असेल तर हिरड्या दातांवर चढतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना हिरड्या दाखवा. आणि दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावून घ्या, तेही ब्रशनेच लावतात.

सातारा-सांगलीचं म्हणाल तर कराड आणि सांगली भागात खाजगी दंत महाविद्यालयं आहेत, त्यांचे दर दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात. बालदंत विभागप्रमुखांना आधी फोन करून भावाचं वय आणि निदान सांगा, वय बघून नाही म्हणणार असतील तर फोनवरच कळेल.

मृणाल_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. एका महाविद्यालयात वयाची अट न घालता बघतो म्हणालेत, सकाळची पहिली वेळ दिली आहे, खुर्ची आडवी करून ठेवा हेही सांगितलं.

शिवाय जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचा अर्ज लिहिलाय. कार्यशाळेतल्या पालकांच्या सह्या घेते आहे. मजकूर असा:

‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ नुसार जिल्हा रुग्णालयात सर्व वयोगटांतील दिव्यांगांसाठी आठवड्यातून एक दुपार दंत उपचारांकरिता राखीव ठेवावी. या रुग्णांसाठी एक जबाबदार दंतचिकित्सक लेखी नेमावा व त्यांचे नाव दर्शनी भागात लावावे. संपूर्ण भुलेची गरज असलेल्या रुग्णांची प्रतीक्षायादी ठेवून प्रत्येकास क्रमांक व अंदाजे दिनांक लेखी द्यावा.’

काही सुटलंय का?

सदाशिव_ना
‘माहितीकरिता प्रत: दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे’ ही ओळ खाली घाला. आणि पहिल्या वाक्यात ‘सर्व वयोगटांतील’ च्या पुढे ‘अठरा वर्षांवरील व्यक्तींसह’ असं स्पष्ट लिहा.

गुरुजी_मंगळवेढा
महिन्यातून एक दिवस थिएटर आणि भूलतज्ज्ञ या कामासाठी राखून ठेवावेत, हेही नावानिशी मागा. ते न मागता नुसती यादी मागितली तर यादीच मिळेल. आणि हा मजकूर सोलापुरात वापरला तर चालेल ना? आमच्या पालकसभेत शनिवारी वाचून दाखवतो.

मृणाल_वाई
चालेल काय गुरुजी, जरूर वापरा. सगळ्या दुरुस्त्या करून संध्याकाळी इथेच टाकते. ज्यांना आपल्या जिल्ह्यात द्यायचा असेल त्यांनी फक्त वरचा पत्ता बदलावा.